हजार शब्दांचा हिशेब

नवी भाषा शिकायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी धास्ती वाटते ती शब्दांची. व्याकरण कितीही किचकट असले तरी ते कुठेतरी संपते; शब्द संपत नाहीत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती नुसती चाळली तरी हे सगळे कधी पाठ होणार, असा प्रश्न पडतो. म्हणून ‘सर्वाधिक वापरातले हजार शब्द शिका, ऐंशी टक्के भाषा तुमची’ हे आश्वासन त्याला मोठा दिलासा देते. हे आश्वासन हवेतून आलेले नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांची मोजणी आहे आणि ती चोख आहे. पण ऐंशी टक्के कशाचे, ‘शब्द’ म्हणून मोजले काय आणि तो ‘आला’ असे केव्हा म्हणायचे, हे विचारले की आश्वासनाचा अर्थ बराच बदलतो. मला जे मांडायचे आहे ते एवढेच: वारंवारतेची यादी आपल्याला क्रम सांगते, मेहनत सांगत नाही. नेहमीच्या शब्दांपासून सुरुवात करावी हे खरे. पण तेवढेच शिकल्याने भाषा लवकर येते हे खरे नाही, कारण भाषेतले सर्वांत महाग शब्द नेमके तेच असतात.

शब्द मोजायला सुरुवात झाली ती भाषा शिकवण्यासाठी नव्हे. जर्मनीत फ्रीडरिश व्हिल्हेल्म केडिंग याने १८९७-९८ मध्ये सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांच्या मजकुराची मोजदाद प्रसिद्ध केली, ती लघुलेखनाच्या सोयीसाठी. कोणता शब्द सारखा येतो हे कळले की त्याला छोटी खूण देता येते. १९२१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी शिक्षकांच्या हाती दिली आणि मोजणी वर्गात शिरली. या आकड्यांमागची शिस्त जगासमोर ठळकपणे मांडली ती जॉर्ज झिफने, १९३५ मध्ये आणि पुन्हा १९४९ मध्ये. पहिल्या क्रमांकाचा शब्द जितक्या वेळा येतो, त्याच्या साधारण निम्म्या वेळा दुसरा, एक तृतीयांश वेळा तिसरा, आणि असेच खाली. म्हणजे मूठभर शब्द सतत राबतात आणि हजारो शब्द क्वचित तोंड दाखवतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० च्या दशकात दहा लाख इंग्रजी शब्दांचा जो संग्रह झाला, त्यात एकटा ‘द’ जवळपास सात टक्के जागा व्यापतो. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखवले, की इंग्रजीतली पहिली हजार शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुटुंब) लिखित मजकुराचा ७८ ते ८१ टक्के भाग व्यापतात, दुसरी हजार आणखी आठ-नऊ टक्के आणि तिसरी हजार तीन ते पाच टक्के. पहिला हजार सोन्याचा, हे यावरून उघड आहे. यादीच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा दुसरा नाही आणि तो नाकारण्यात अर्थही नाही.

मात्र ही टक्केवारी पानावरच्या शब्दांची आहे, अर्थाची नाही. पाणी बंद राहणार असल्याची एखादी नेहमीची सूचना घेऊ: ‘उद्या सकाळी या भागात जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा खंडित राहील.’ शब्द नऊ. हजार शब्दांची यादी पाठ केलेल्या माणसाला यातले उद्या, सकाळी, या, भागात आणि राहील हे पाच नक्की कळतील. ‘पाणीपुरवठा’तले पाणीही तो ओळखेल. निम्म्याहून जास्त मजकूर ओळखीचा. तरीही उद्या पाणी येणार की जाणार, हे त्याला सांगता येणार नाही, कारण ते सगळे ‘खंडित’ या एका शब्दात आहे आणि तो यादीत नाही. भाषेचा हा स्वभावच आहे. जे शब्द सगळीकडे येतात ते कुठेच विशेष काही सांगत नाहीत. ते वाक्य उभे करतात. बातमी, कारण, दोष, रक्कम, आजार हे सगळे क्वचित येणाऱ्या शब्दांवर बेतलेले असते. शब्द दुर्मीळ का असतो? तर तो नेमके काही सांगतो म्हणून. म्हणजे ऐंशी टक्के शब्द आले म्हणजे ऐंशी टक्के कळले, असे होत नाही. जी वीस टक्के राहतात त्यांतच बहुधा सांगायची गोष्ट असते.

यावर नेहमीचे उत्तर असे, की उरलेले शब्द संदर्भाने कळतात. मुले तशीच शिकतात. संदर्भाने शब्द कळतात यात शंका नाही, पण त्यासाठी आधी संदर्भ तरी कळलेला असावा लागतो. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांचा २००० सालचा एक अभ्यास याबाबत फार बोलका आहे. त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रमाणात अनोळखी शब्द घालून वाचायला दिली. ऐंशी टक्के शब्द ओळखीचे असताना एकालाही ती पुरेशी कळली नाही. नव्वद आणि पंचाण्णव टक्क्यांवर काहींना कळली, बहुतेकांना नाही. बहुतेकांना आधाराशिवाय कळायची तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी, असा त्यांचा निष्कर्ष होता. नॉर्बर्ट श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की असा ठरावीक उंबरठा नसतो. ओळखीचे शब्द वाढतात तसे आकलन जवळजवळ सरळ रेषेत वाढत जाते. हा मतभेद खरा आहे, पण त्याने यादीवाल्यांची बाजू सावरत नाही. उंबरठा माना किंवा चढण माना, ऐंशी टक्क्यांवर माणूस खालीच असतो. नेशन यांच्या हिशेबाने इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र ९८ टक्के ओळखीचे व्हायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. हजार आणि नऊ हजार यांमधले अंतर ‘आपोआप’ या शब्दाने भरून निघत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हजार शब्द म्हणजे हजार गोष्टी, असे आपण गृहीत धरतो. वारंवारतेच्या यादीत वरचा शब्द आणि खालचा शब्द यांना एकेकच ओळ मिळते, म्हणून त्यांची मेहनतही सारखी असेल असा समज होतो. मराठीतले ‘लागणे’ पाहा. कोणत्याही प्रामाणिक यादीत हे क्रियापद फार वर असेल. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवे लागतात, निकाल लागतो, नोकरी लागते. पुण्याला जायला चार तास लागतात, काही लोकांना बस लागते, मुलाला वाचनाचा नाद लागतो, दुपारी जरा डोळा लागतो. तो तिचा मामा लागतो. पाऊस पडायला लागतो, आणि मग छत्री घेऊन जावे लागते. शेवटच्या दोन वाक्यांत तर ‘लागणे’ साधा शब्दही राहिला नाही. एकात तो आरंभ दाखवतो, दुसऱ्यात सक्ती. त्यातही सक्तीच्या वाक्यात कर्ता ‘मी’ राहत नाही, ‘मला’ होतो: मला जावे लागते. हे सगळे शिकल्याशिवाय ‘लागणे’ आले असे म्हणता येईल का? आणि हे सगळे शिकायचे म्हणजे मराठीच्या वाक्यरचनेचा मोठा भाग शिकायचा. ‘म्हणून’ची तीच गत: पाऊस होता म्हणून आलो नाही, मदत म्हणून दिले, शिक्षक म्हणून रुजू झाले, त्याने यावे म्हणून थांबलो. ‘करून दे’, ‘करून घे’, ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून बघ’ यांतला प्रत्येक दुसरा शब्द यादीच्या पहिल्या शंभरात शोभेल असा आहे, आणि या पाच आज्ञांतला फरक पकडायला शिकणाऱ्याची काही वर्षे जातात. उलट ‘गोगलगाय’ किंवा ‘ठणका’ हे शब्द यादीत कुठेतरी तळाशी असतील, पण त्यांना एकच अर्थ, एकच चित्र. एकदा नीट भेटले की ते बहुधा कायमचे आपले. जे शब्द सर्वांत जास्त वापरले जातात, त्यांच्यावरच भाषा सर्वांत जास्त कामे लादते. म्हणून ते स्वस्त वाटतात आणि महाग पडतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीवरून यादी उचलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला मजकूर, असे धरून संगणकाने मोजले तर पाणी, पाण्याला, पाण्याने, पाण्यात, पाण्यातून, पाण्याचा, पाण्याची, पाण्याचे, पाण्यावर, पाण्याखाली, पाण्यासाठी, पाणीच आणि पाणीही हे तेरा वेगवेगळे शब्द ठरतात. ‘पाणी’ असे तेरा वाटण्यांत विभागले जाते आणि यादीत खाली घसरते, तर ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ ही रूपे न बदलणारी अव्यये अवाजवी वर चढतात. सगळी रूपे एका शब्दाखाली गोळा केली तर ही चूक सुधारते, पण मग दुसरी उभी राहते: ‘पाणी’ पाठ करणाऱ्याला ‘पाण्यात’ ओळखता येतेच असे नाही. त्यासाठी सामान्यरूप माहीत हवे, आणि ते प्रत्येक नामाचे आपापले असते. भाऊचे भावाला, सूनचे सुनेला, गायचे गाईला, दगडचे दगडाला. म्हणजे मराठीतला ‘पहिला हजार’ इंग्रजीतल्या हजारापेक्षा कितीतरी जास्त शिकणे मागतो.

ज्यांनी या याद्या मन लावून केल्या, त्यांना हे सारे ठाऊक होते. मायकेल वेस्ट हे नाव इथे यायलाच हवे. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना त्यांनी पाहिले, की बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि तरी एखादे इंग्रजी पुस्तक मनापासून वाचू शकत नाहीत. त्यांनी उपाय केला तो नुसती यादी देण्याचा नव्हे. नेहमीच्या शब्दांत वाचनमाला तयार केल्या आणि पन्नास शब्दांमागे एकापेक्षा जास्त नवा शब्द येऊ नये असा दंडक मानला. पुढे पाऊण शतकाने हू आणि नेशन यांना सापडलेले प्रमाण तेच होते. १९५३ मध्ये वेस्ट यांच्या संपादनाखाली जी प्रसिद्ध यादी निघाली, तीत सुमारे दोन हजार शब्द आहेत. पण तिचे खरे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक शब्दाखाली त्याचे निरनिराळे अर्थ दिलेले आहेत आणि कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो तेही नोंदवलेले आहे. पन्नास लाख शब्दांच्या मजकुराच्या मोजणीतून हे आकडे आले होते. यादी करणारा स्वतः सांगत होता, की शब्द हे एकक नाही, त्याचा अर्थ हे एकक आहे. नंतरच्या लोकांनी ती यादी उचलली आणि अर्थांचे आकडे मागे ठेवले. फक्त शब्दांचा रकाना उरला, तोच आज निरनिराळ्या नावांनी फिरतो आहे. मला वाटते, या विषयाच्या इतिहासात याहून मोठे नुकसान दुसरे झालेले नाही.

चार्ल्स ऑग्डेन यांचे ‘बेसिक इंग्लिश’ या बाबतीत उलट दिशेने तेच शिकवते. १९३० मध्ये त्यांनी अवघ्या ८५० शब्दांत इंग्रजी बसवून दाखवले. क्रियापदे फक्त अठरा. १९४३ मध्ये चर्चिलने हार्वर्डमधल्या भाषणात या योजनेची तरफदारी केली होती, इतका तिचा बोलबाला होता. पण ‘एंटर’ नको म्हणून ‘गो इन’, ‘रिमूव्ह’ नको म्हणून ‘टेक अवे’, असे करत गेल्यावर शब्द कमी झाले तरी शिकायचे अर्थ कमी झाले नाहीत. ते त्या अठरा क्रियापदांच्या पोटात जाऊन बसले. परक्या माणसाला ‘रिमूव्ह’ एकदा पाठ करणे ‘टेक’च्या साऱ्या जोड्या सांभाळण्यापेक्षा सोपे जाते. शिवाय बोलणाऱ्याने ८५० शब्दांत बोलायचे ठरवले तरी त्याला उत्तर देणारा तसे काही ठरवून आलेला नसतो. ‘लिहायला-वाचायला कुठे शिकायचे आहे, चार शब्द बोलता आले की झाले,’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बोलताना आपण शब्द निवडू शकतो, ऐकताना नाही. ‘पुढचा थांबा कोणता?’ हे हजार शब्दांत बसते. कंडक्टरचे उत्तर बसेलच असे नाही. बोलीला लिखाणापेक्षा कमी शब्द पुरतात हे खरे आहे, पण नेशन यांच्या मोजणीत इंग्रजी बोलणे ९८ टक्के कळायलाही सहा-सात हजार शब्दकुटुंबे लागली.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. सगळ्यांनाच कादंबरी वाचायची नसते. परप्रांतातून बदलून आलेला बँकेतला अधिकारी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालेली परिचारिका, यांच्याकडे वेळच थोडा असतो. त्यांनी हजार शब्द शिकू नयेत का? जरूर शिकावेत. पण त्यांच्या कामाचे हजार शब्द सर्वाधिक वापरातले नसतात. परिचारिकेला मळमळ, उलटी, जुलाब, चक्कर, धाप, कळ, खाज आणि ठणका हे शब्द पहिल्या आठवड्यात लागतात. बँकेतल्या माणसाला ठेव, हप्ता, तारण, व्याज, वारस, थकबाकी. सरसकट मोजणीत हे सगळे मागे पडतात, आणि मोजणी वर्तमानपत्रांवरून केली असेल तर ‘सरकार’, ‘मंत्री’, ‘निर्णय’ त्यांच्या कितीतरी आधी येतात. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात झोर्झ गुगेनेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली. परदेशी लोकांना फ्रेंच शिकवण्यासाठी पायाभूत शब्द ठरवायचे म्हणून त्यांनी पुस्तके बाजूला ठेवली आणि २७५ लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तीन लाखांवर शब्द मोजले. तरी जेवणाच्या टेबलावरच्या काट्यासारखे शब्द यादीत वर येईनात. असे शब्द प्रत्येक फ्रेंच माणसाच्या जिभेवर तयार असतात, पण त्या वस्तूचा विषय निघाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. मग त्यांनी शाळेतल्या मुलांना एकेक विषय दिला आणि सुचतील ते शब्द लिहायला सांगितले. त्यातून जी दुसरी यादी निघाली ती पहिलीत मिसळली. नेहमी येणारे शब्द आणि वेळेवर लागणारे शब्द ही दोन वेगळी खाती आहेत, हे या कामाने दाखवून दिले. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याचे दुसऱ्या खात्यावाचून तर मुळीच चालत नाही.

मग यादीचा उपयोग काय? माझ्या मते पहिल्या हजार-दोन हजारांपर्यंत तिचा हात धरून चालावे आणि झपाट्याने चालावे, कारण त्याशिवाय काहीच वाचता-ऐकता येत नाही. पण त्यातले वरचे दीड-दोनशे शब्द ‘झाले’ असे समजून त्यांवर काट मारू नये. ते व्याकरणाच्या वहीत जावेत आणि तिथे वर्षानुवर्षे राहावेत. आणि खरी मेहनत त्यानंतरच्या मधल्या पट्ट्यात, तीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंतच्या शब्दांवर करावी. कारण पाठांतराची गरज सर्वांत जास्त तिथेच असते. नेहमीचा शब्द तुम्ही विसरलात तरी तो संध्याकाळपर्यंत पुन्हा भेटतो. झिफच्या सूत्राने ढोबळ हिशेब केला तर इंग्रजीतला पाच हजाराव्या क्रमांकाचा शब्द साधारण पन्नास हजार शब्दांमागे एकदा येतो. लाखभर शब्दांच्या आख्ख्या कादंबरीत जेमतेम दोनदा. अशा शब्दाची वाट पाहत बसलो तर तो कधी आपला होणार? त्याला मुद्दाम टिपून, वाक्यासकट लिहून, पुन्हा पुन्हा समोर आणावे लागते. पाठांतराची जी युक्ती पहिल्या हजारासाठी म्हणून सांगितली जाते, ती खरी कामाला येते ती तिथे, जिथे यादीवाले शिकणाऱ्याला सोडून जातात.

मराठीपुरते बोलायचे तर हे काम अजून बरेच व्हायचे आहे. शब्दमोजणीची विद्या आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या लेखनातून दहा लाख शब्दांचा संग्रह केला आणि तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून जगभरच्या अभ्यासकांनी वापरला. पण तो संग्रह भारतीय इंग्रजीचा आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुले आज ती शिकत आहेत, आणि त्यांच्या जोडीला नोकरीसाठी आलेली मोठी माणसेही. त्यांच्यासाठी जी यादी हवी ती छापील मजकुरावरून करून भागणार नाही, कारण सूचनाफलकावर ‘खंडित’ असते आणि शेजारीण ‘पाणी गेलंय’ म्हणते. शिकणाऱ्याला दोन्ही लागतात. ती यादी बोलण्यावरून व्हावी, आणि नागपूर, लातूर, कोल्हापूर, मालवण इथल्या बोलण्याला तीत जागा असावी. सामान्यरूपे मूळ शब्दाखाली यावीत, ‘लागणे’सारख्या शब्दाचा प्रत्येक अर्थ वेगळा मोजला जावा, आणि दवाखाना, बँक, शाळा, बाजार यांचे शब्द त्या त्या ठिकाणी बसून टिपले जावेत. गुगेनेम यांनी हे २७५ माणसांच्या बोलण्यावर, अवजड ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन केले. तेवढे ध्वनिमुद्रण आज एखाद्या विद्यापीठाच्या भाषाविभागाला आपल्या विद्यार्थ्यांकडून एका शैक्षणिक वर्षात करून घेता येईल. बोललेले उतरवून घेण्याला आणि अर्थ वेगळे करण्याला त्याहून जास्त काळ लागेल, आणि नेमणुका व पैसा त्यासाठीच लागेल.